उशिरा उघडणारं दार

पडद्याचे निम्मे हूक अडकवून झाले होते, मी स्टुलावर उभी, उरलेला ओलसर पडदा खांद्यावर, आणि बेल वाजली.

"भाऊजी, दार बघा हो!"

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ बनवतात. लग्न केलं नाही. वरच्या खोलीत राहतात आणि तिथेच काम करतात. बाहेर त्यांचं नाव फार मोठं आहे. खेळणारी मुलं त्यांना 'गुरुजी' म्हणतात. घरात मात्र पिकतं तिथे विकत नाही. आमचे हे म्हणतात, "गुरुजींनी खेळात अख्खं गाव उभं केलं, पण न्हाणीघरातला बल्ब बदलणं माझ्याच नशिबी." भाऊजी नुसते हसतात. राग येत नाही हा त्यांचा गुण, आणि प्रत्येक काम उद्यावर टाकतात हा अवगुण. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, चष्म्याची काडी कधीची मोडली आहे. "उद्या नेतो आई" हे ऐकत त्या काडीला दोरा बांधून वाचतात.

दारात एक मुलगी होती. तिचं येणं ठरलेलं होतं, भाऊजी मला सांगायला विसरले होते एवढंच. ती खेळांबद्दल लिहिते. नावाजलेले खेळ बनवणारे त्या नावाला खरोखर जागतात का, यावर तिचं पुस्तक चाललंय, आणि शेवटचं प्रकरण भाऊजींचं.

"बाकीचे जागले का?" मी चहा देताना विचारलं.

"कसले जागतात, काकू! एकाने बरोबरच्यांचं काम आपल्या नावावर खपवलं. दुसऱ्याचा एकच खेळ चांगला, त्यानंतर नुसत्या मुलाखती. नाव मोठं, लक्षण खोटं. म्हणून तर यांना शेवटी ठेवलंय. निदान शेवट तरी गोड व्हावा."

भाऊजी खुर्चीत अवघडून सरकले. मी पुन्हा स्टुलावर चढले.

त्यांच्या नावाचं मूळ एका दारात आहे. त्यांच्या पहिल्या खेळात एक मुलगा खूप भटकून आपल्या घरी परततो. दार वाजवतो, कुणी उघडत नाही. पुन्हा वाजवतो. शेवटी निराश होऊन पाठ फिरवतो, चालू लागतो, आणि तेव्हा मागे दार उघडतं. उजेडात म्हातारी आई उभी असते. एवढंच. पण ते पाहून माणसं ढसाढसा रडली. कुणी अबोला सोडून आपल्या आईला फोन केला. सगळे विचारू लागले, हे सुचलं कसं? भाऊजींनी मुलाखतीत सांगितलं, "लहानपणी मला उशीर झाला की आई दार उघडायची नाही. मी रडत पायऱ्या उतरू लागलो की मग उघडायची."

ते पेपरातही छापून आलं. घरात सगळ्यांनी वाचलं. आईंनीही वाचलं, घडी घालून ठेवून दिलं. पण आम्ही दोघी प्रार्थनेला जातो, तिथल्या बायकांची नजर बदलली. समोरच्या काकूंच्या जिभेला तर हाडच नाही. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही इतक्या कडक असाल असं वाटलं नव्हतं हो. एवढंसं पोर, आणि बाहेर!"

आई म्हणाल्या, "झालं असेल तसं." पुढच्या खेपेपासून त्या प्रार्थनेला मागच्या ओळीत बसू लागल्या. का, म्हटलं, तर म्हणाल्या, "मागे पंखा आहे."

मागे पंखा नाही. मी त्यांच्या शेजारीच बसते, डोळे मिटून देवाचं नाव घेते, आणि त्या मागे का सरकल्या हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मला वाटे, भाऊजी सांगतात तसंच झालं असेल. मी या घरात आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटलं होतं. त्याआधीचं मला काय ठाऊक?

आई खिडकीशी बसून उशीच्या खोळीला बटण लावत होत्या. ती मुलगी उठून त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. बोलणं टिपायला तिने मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला.

"आजी, रागावू नका हं. दाराच्या आत उभं राहून तुम्हाला काय वाटायचं?"

आईंची सुई थांबली. लेकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"काय वाटणार? मुलाला वळण लागावं म्हणून कडक व्हायचं. आत रडायचं, पण उघडायचं नाही."

त्या हे इतकं सरळ, न अडखळता म्हणाल्या, की मला एकदम उमगलं. हे पाठ केलेलं होतं. कधीतरी कुणीतरी विचारेल आणि पोरगा तोंडघशी पडेल, म्हणून ही बाई उत्तर तयार ठेवून बसली होती. साखरेच्या डब्याबद्दलसुद्धा खोटं न बोलणारी बाई! मला शरमेने स्टुलावरून उतरवेना. हातातला हूक हातातच राहिला.

मुलीने डोळे पुसले. "किती कठीण गेलं असेल तुम्हाला."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "आई, पुरे."

"अरे, ती विचारतेय तर..."

"पुरे म्हटलं ना!" मग मुलीकडे वळून, मान खाली घालून म्हणाले, "हे खोटं आहे. आईने कधीही दार लावलं नाही. मला उशीर झाला की ती घरातच नसायची. दार सताड उघडं टाकून रस्त्याच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहायची. बाबा ओरडायचे, चोर शिरतील म्हणून."

"मग खेळातलं दार?"

"ती माझी चूक. मुलगा जवळ आला की दार उघडायचं, असं ठरलं होतं. प्रोग्रॅममध्ये मी ती अट उलटी लिहिली, तो लांब जाऊ लागला की दार उघडायला लागलं. तपासताना दार बंद दिसलं, तर मला वाटलं चित्रं करणाऱ्याने उघडणारं दार अजून जोडलं नसेल. उद्या बघू म्हटलं. पाठ फिरवून मी कधी पाहिलंच नाही. खेळ तसाच बाहेर गेला. दुरुस्त करायला बसलो, तर लोकांचे निरोप यायला लागले, रडलो म्हणून."

"तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगणार होतो. पण समोर दिवे, कॅमेरे, सगळे टक लावून बघतायत. चूक म्हणायला जीभ रेटेना. तोंडात आई आली."

"ठेच लागली की आईच तोंडात येते रे," आई पुटपुटल्या.

मुलगी हसली नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मला माझ्या आईने खरोखर बाहेर उभं केलं होतं. तुमची मुलाखत वाचून मी तिला माफ केलं. आता काय करू? ते परत घेऊ?"

भाऊजींनी कपाटाकडे पाहिलं. त्यांना मिळालेली मानाची ढाल कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते. मी पुसताना सरळ करायची, ते पुन्हा फिरवायचे. मी त्याला विनय समजत होते, आणि चार बायकांत तसं सांगतही होते.

"तुझ्या आईने उघडलं ना शेवटी?" आईंनी विचारलं.

"उघडलं."

"मग तुझं तुझ्यापाशी राहू दे. त्यात याचं काय?" मग मोबाइलकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ते बंद कर बाळ. पोराचं नाव जाईल."

"चालू राहू दे," भाऊजी म्हणाले. "गाव मी बनवलं, ते माझं. दार चुकून झालं. आईची गोष्ट खोटी. असंच लिहा, आईचं सगळ्यात आधी."

"म्हणजे शेवटचं प्रकरणही कडूच," मुलगी म्हणाली. जाताना भाऊजींशी बोलली नाही, आईंना मात्र वाकून नमस्कार केला.

ती गेल्यावर आईंनी खोळ बाजूला टाकली. इतक्या दिवसांचं साचलेलं तेव्हा कुठे बाहेर आलं.

"मोठा गुरुजी! मी कोपऱ्यावर पाय दुखेपर्यंत उभी राहायची, आणि जगाला काय, तर मी कडी लावून बसायची! समोरच्या बाईला मी काय तोंड दाखवू?"

"मी सांगतो त्यांना."

"कधी? उद्या?"

भाऊजी लहान मुलासारखे उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना आणि आईंकडे बघायचं धाडस होईना, म्हणून पडद्याकडे बघत राहिले. देवा, एका माणसाचं नाव राखायला दुसऱ्याचं किती खर्ची पडतं, आणि शेजारी बसणाऱ्याला पत्ताही नसतो.

"आत्ता," ते म्हणाले. त्यांनी आईंच्या मांडीवरचा चष्मा उचलला, दोऱ्यासकट.

"अरे, मी वाचू कशी?"

"वहिनी वाचून दाखवतील तोवर."

पडदा अजून निम्माच वर आहे. भाऊजी चपला घालतायत. आधी समोरच्या काकूंकडे, दाराचं खरं सांगायला. आणि तिथून चष्म्याच्या दुकानात, काडी बसवून आणायला.