पाठमोरे शेजारी

आमच्या शेजारच्या आयरिश नटाइतकं सुंदर मरणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. टीव्हीवरच्या खुनाच्या मालिकेत सुरुवातीलाच चर्चमध्ये नाहीतर पबच्या मागे जो म्हातारा पालथा पडलेला सापडतो ना, तो बहुतेक वेळा आमच्या कॉव्हेंट्रीच्या गल्लीतला, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. प्रेत नसले तर पाद्री, पाद्री नसले तर पबवाला. नायक जन्मात कधी झाले नाहीत. तरी मला त्यांचा असा हेवा वाटायचा, की भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं की मी कढईत कालथा उगाच आपटायचे.

हेवा का, ते सांगते. नाटक मीही करते. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत दर वर्षी स्टेजवर आहे. कधी आत्या, कधी घरमालकीण, कधी नुसतीच हळदीकुंकवाला आलेली बाई. पडदा पडला की लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "काकू, बटाटेवडे काय झाले होते हो!" आणि हा माणूस दोन वाक्यं बोलून घरी येतो, तर बसस्टॉपवर लोक त्याला थांबवतात. नाव कुणालाच आठवत नाही, ते सोडा. सगळ्यांना वाटतं, याला आपण कुठेतरी चांगलं ओळखतो. एकदा सुपरमार्केटमध्ये एक बाई त्यांच्यावर तणतणायला लागली, की तुम्ही बसवून गेलेला बॉयलर दुसऱ्याच दिवशी बंद पडला. यांनी कुठल्यातरी मालिकेत बॉयलरवाल्याचं काम केलेलं! दुसरा कुणी असता तर सांगून मोकळा झाला असता. हे महाशय टोपी काढून म्हणाले, "मॅडम, माझी चूक झाली, कितीतरी रात्री झोप नाही मला." बाई विरघळली. शेवटी तीच त्यांची पाठ थोपटत होती. मी दुधाची बाटली हातात धरून बघत राहिले आणि मनात म्हटलं, असं आपल्याला का नाही येत?

जन्म आयर्लंडच्या कुठल्याशा खेड्यातला, वडिलांचं मटणाचं दुकान. तरुणपणी बोटीने इकडे आले, बांधकामावर विटा वाहिल्या. मग एका फिरत्या नाटक कंपनीला सेट उचलायला दांडगा गडी हवा होता, म्हणून तिकडे गेले. एका गावी पोलिसाचं काम करणारा नट पिऊन पडला आणि यांना त्याचा कोट चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. लोक हसले. "तेव्हापासून स्टेजवरून उतरलोच नाही, काकू," ते म्हणायचे. हो, मला काकूच म्हणायचे. गल्लीतली मराठी पोरं म्हणतात म्हणून हेही. वयाने माझ्यापेक्षा चांगले मोठे!

कामाची तयारी मात्र विचारू नका. पाद्र्याचं काम मिळालं की महिनाभर हात मागे बांधून इतकं शांत चालायचे, की कोपऱ्यावरची म्हातारी त्यांना अडवून आपली पापं सांगायला लागली. आणि मरणाची तालीम परसात. एका सकाळी मी मेथी खुडायला गेले, तर हे महाशय कुंपण ओलांडून माझ्या वाफ्यात आडवे, एक पाय वाकडा, डोळे उघडे. मी किंचाळत घरात पळाले आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मागून आवाज आला, "काकू, तुमचा विश्वास कशाने बसला? पायाने की डोळ्यांनी?" मेथी गेली ती गेलीच. वर आमचे हे, ज्यांना माझ्या कुठल्याही गोष्टीवर हसू येत नाही, ते पोट धरून हसत होते. "अगं, काय मरतो माणूस!"

गेल्या गणपतीत मला पहिल्यांदा मोठं काम मिळालं. मुलाने जिचं राहतं घर विकायला काढलंय अशी आई. शेवटच्या प्रवेशात कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस चौकशीला येतो, एक अक्षर बोलत नाही, चहा पीत ऐकतो, आणि आई त्याला सगळं सांगते. माझे गुडघे आता जिन्यालासुद्धा नको म्हणतात. पुढच्या वर्षीपासून मला प्रसादाच्या टेबलाशी बसवणार हे ठरल्यातच जमा होतं. म्हणजे लोकांनी माझ्याकडे बघायची ही एवढीच संध्याकाळ.

आणि कौन्सिलवाल्याचं काम करणाऱ्याची मँचेस्टरला बदली झाली. नाटक बसवणारी मुग्धा, पुण्याहून आयटीत आलेली हुशार पोरगी, टाळी वाजवून म्हणाली, "काकू, तुमचे नेबर! रिअल ॲक्टर! आणि डायलॉग पण नाहीये."

तालमीला आले. खुर्चीत बसले. कप ओठांपर्यंत नेला आणि मध्येच थांबवला. बस. एवढंच. मी जीव तोडून बोलतेय आणि सगळी तालीम त्या कपाकडे बघतेय. आता पितो की मग पितो! मुग्धा तर डोळे पुसायला लागली.

घरी येऊन मी रडले. आमचे हे म्हणाले, "अगं, तो त्याचं काम करतोय." मी चप्पल घातली आणि शेजारची बेल वाजवली.

"तुम्ही आयुष्यभर हे केलंत," मी सांगितलं. "मला एकच संध्याकाळ आहे. त्या कपाला हात लावू नका."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "चहा तसाही गारच असतो, काकू," एवढंच म्हणाले.

प्रयोगाच्या दिवशी नटराजाला नमस्कार केला, तिसरी घंटा झाली. शेवटचा प्रवेश आला. ते आत आले, खुर्चीपाशी गेले आणि ती उचलून चक्क फिरवली. प्रेक्षकांकडे पाठ, तोंड माझ्याकडे. कप टेबलावर लांब सरकवला. विंगेत मुग्धाने कपाळाला हात लावलेला मला दिसला. मी बोलायला लागले. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण असं ऐकत होते की जणू त्यांच्याच आईने त्यांना समोर बसवलंय आणि हे सगळं त्यांनीच केलंय. मी हॉल विसरले. पाठ केलेलं बोलणं त्या चेहऱ्याकडे बघून बघून सांगत गेले.

त्या दिवशी वड्यांचं नाव कुणी काढलं नाही. हाउन्सलोहून आलेल्या एक बाई माझा हात सोडेनात. जाता जाता म्हणाल्या, "त्या गोऱ्याला मात्र काही कामच नव्हतं, नाही?"

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मी त्यांना विचारलं, "लोकांकडे पाठ का केलीत?"

"स्टेजवरचा माणूस जिकडे बघतो, तिकडेच लोक बघतात," ते म्हणाले. "माझ्या धंद्यात पोट त्याच्यावरच भरतं, काकू. नायकाकडे बघायचं."

हिवाळ्याआधी ते आयर्लंडला बहिणीकडे राहायला गेले. तिथे समुद्र दिसतो म्हणे. पलीकडे आता एक तरुण जोडपं आलंय. चांगली आहेत, आवाज करत नाहीत.

मंडळाने नाटकाचा व्हिडिओ पाठवलाय. दुपारी मी तो शेवटचा प्रवेश लावून बसते. त्यात मी दिसते, माझं तोंड, माझे हातवारे, आणि त्यांची नुसती पाठ. करड्या स्वेटरातली, थोडी वाकलेली. त्या पाठीपलीकडे काय चाललं होतं ते मी एकटीने पाहिलं. कुणाला सांगायला जावं तर सांगता येत नाही. आणि तसं काही करून दाखवणं मला या जन्मी जमणार नाही, याची जळजळ अजून होते.

हे पेपरमधून डोकं वर काढतात. "काय गं, किती वेळा बघशील स्वतःलाच?"

"मी कुठे मला बघतेय," म्हणते, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावते.