जावेच्या घरचा भुरका

परवा तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. चकचकीत काळा काउंटर, प्रत्येकापुढे एक खोल वाडगा आणि त्यात अर्धं अंडं. खाली लिहिलं होतं, "आजी, याला रामेन म्हणतात." बाळांनो, मला माहीत आहे. तुमची आई शाळेत होती तेव्हा मी ते मीरा रोडला खाल्लं आहे, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

दुकान माझ्या धाकट्या जावेचं होतं. दुकान म्हणजे तिचा छोटासा फ्लॅट. माझ्या दिरांना कंपनीने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं, तेव्हा तीही बरोबर गेली होती. आम्ही दोघी जावा गिरगावातल्या एकाच बिऱ्हाडातून बाहेर पडलेल्या. ती मीरा रोडला राहायला गेली आणि मी पुढच्या स्टेशनावर, जेसल पार्कात. परदेशी रीतभात कळणारी घरात तोवर मी एकटी होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. काटा कुठल्या हाताला, चमचा कुठल्या, हे सगळे मला विचारत. जाऊ तर सर्वांत जास्त विचारायची. जपानहून आल्यावर तिने विचारणं बंद केलं.

"वहिनी, रविवारी सगळे या हं," एका संध्याकाळी ती मुद्दाम घरी येऊन म्हणाली. "मी रामेनचं दुकान उघडतेय."

"म्हणजे काय?" हे आता मला तिला विचारावं लागलं.

"शेवयांचं सूप. पण तसं नाही ते. खाल्ल्याशिवाय नाही कळायचं."

रविवारी गेलो तर स्वयंपाकघराच्या दारात तिने इस्त्रीचं टेबल आडवं लावलेलं. वर मधोमध चिरलेला निळा पडदा. ती आत, आम्ही बाहेर स्टुलांवर. आम्ही पाऊल टाकताच ती आणि दीर दोघं जपानीत काहीतरी जोरात ओरडले. तिकडे गिऱ्हाइकाचं असंच स्वागत करतात म्हणे. तुमची आई हरखून गेली. "काकू, परत म्हण ना! परत एकदा!" मी इतक्या कविता शिकवल्या तिला, एकीलाही 'परत म्हण' म्हणाली नाही.

मीरा रोडला तेव्हा टँकरचं पाणी. जावेने त्यातलं पातेलंभर पाणी सकाळपासून कोंबडीच्या हाडांवर आटवत ठेवलं होतं. त्यात उकळायला जपानहून आणलेले सुके मासे संपले होते, म्हणून जवळच्या तारोडी गावाहून टोपली घेऊन येणाऱ्या मावशींकडून सुके बोंबील घेतले होते.

"मावशी मला म्हणते कशी," जाऊ कमरेवर हात ठेवून नक्कल करू लागली, "'बोंबील खायाचा न्हाय आन् नुसतं पानी पियाचं? डोकं ठिकानावर हाय ना गं पोरी?'"

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

मग वाडगे आले. तुमच्या आजोबांच्या हातातून जेवायच्या काड्या निसटायला लागल्या, तसं मी विचारलं, "काटे आहेत का गं?"

"वहिनी, दुकानात काटे मिळत नाहीत."

मी एकेक शेवई चमच्यात घेऊन तोंड मिटून खाऊ लागले. जाऊ ओरडलीच. "असं नाही! आवाज करायचा. गप्प खाल्लं तर करणाऱ्याला वाटतं, आवडलं नाही. दादा, तुम्ही तर मालवणचे. सोलकढीचा मारायचात तसा मारा भुरका!"

इथे थोडं मागचं सांगते. आजोबांना ऑफिसात साहेबलोकांबरोबर जेवायला बसावं लागायचं. त्यांचा भुरका सोडवला तो मी. कढी, आमटी, चहा, ताक, एकेका गोष्टीचा आवाज मी रोजच्या जेवणातून काढून टाकला. ते चिडले नाहीत, शिकले. बढती झाली तेव्हा स्वतः म्हणाले, "यात तुझा वाटा आहे." तेव्हापासून आमच्या टेबलावर फक्त पंख्याचा आवाज असे. मला त्याचा अभिमान होता आणि आहे.

तर त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, ओठांना लावला आणि असा भुरका मारला की शेजारच्या गॅलरीतला कुत्रा भुंकला. तुमच्या आईने टाळ्या वाजवल्या. त्यांनी पुन्हा मारला. वाफेने चष्मा पांढरा झाला, तो काढून ठेवला. नाक वाहायला लागलं, ते रुमालाने पुसलं आणि हसत राहिले. मग पडद्याखालून वाडगा आत सरकवला. "अगं, अजून आहे का?"

माझ्याकडे ते दुसऱ्यांदा कधी काही मागत नसत.

घरी परतताना रिक्षात म्हणाले, "मजा आली नाही?"

"मीठ जास्त होतं," मी म्हटलं.

शेवया काय फक्त जपानात होतात? पुढच्या रविवारी मी जावेला सहकुटुंब जेवायला बोलावलं. सासूबाईंचा लाकडी साचा माळ्यावरून काढला. तांदळाच्या उकडीचे गोळे गरम गरम असताना त्यातून दाबून शिरवाळे काढले. दंड भरून आले, पण कुणाला हात लावू दिला नाही. गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात ते सोडले आणि मुद्दाम खोल वाडग्यांतून वाढले.

जावेने बसल्या बसल्या भुरका मारला. "वहिनी, रामेन झक मारतं याच्यापुढे!" ती मनापासून म्हणाली. तिचं सगळं मनापासूनच असतं, तिच्यावर धड रागावताही येत नाही.

तुमच्या आजोबांनी चमचा उचलला. तोंड मिटून, अजिबात आवाज न करता खाऊ लागले. "छान झालंय," म्हणाले. भेंडीच्या भाजीला म्हणायचे त्याच आवाजात.

मी थोडा वेळ पंखा ऐकला. मग म्हटलं, "अहो, वाडगा उचललात तरी चालेल."

"आई, तू म्हणतेयस?" तुमची आई ओरडली.

ते हसले. त्यांनी वाडगा उचलला, आणि ओठांना लावण्याआधी कडेवरून माझ्याकडे पाहिलं, खरंच चालेल ना, असं. मी मान हलवली. मग त्यांनी भुरका मारला. बेताचा, साहेबांसमोरही चालला असता असा.

जावेच्या दुकानात भुरका मारण्याआधी त्यांनी कुणाकडेच पाहिलं नव्हतं.