आटवलेलं औषध

कल्याणच्या बायकांना मी कधी आवडले नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या आवडल्या नाहीत. मी इंदूरची. नवरा गेल्यावर भावाच्या घरी आले, आणि भाऊ रेल्वेत कारकून होऊन कल्याणला आला तशी त्याच्यामागून मीही इंग्रजी मुलखात आले. शेजारणी मला 'ती परमुलखातली' म्हणायच्या. मी तोंड उघडलं की एकमेकींकडे बघून हसायच्या, कारण माझ्या बोलण्यात हिंदुस्थानी शब्द यायचे. हसा म्हणावं! आमच्याकडे निदान दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात, जात मागाहून.

आंबिवलीच्या पलीकडे, काळू नदीच्या काठच्या एका गावात, कल्याणच्या एका व्यापाऱ्याने वडिलांच्या नावाने धर्मार्थ दवाखाना काढला होता. डाक्तर ठेवला तो गोव्याकडचा, ख्रिस्ती. माणूस भला, हुशार. पण त्याच्या हातचं पाणी पडलेलं औषध प्यायचं कसं? गावकरी बाटल्या घेऊन जायचे आणि कुंपणापाशी ओतून द्यायचे. तिथलं गवत तेवढं हिरवंगार झालं होतं, असं डाक्तरच मला हसत हसत सांगायचा. म्हणून मग औषधात पाणी घालायला एक सोवळी ब्राह्मण बाई हवी झाली. भावाने माझं नाव सुचवलं. मला विचारलंसुद्धा नाही! पण मी गेले, आणि खुशीने गेले. घरात वहिनीच्या हाताखाली डाळ निवडत बसण्यापेक्षा ते बरं होतं. सकाळी भाजीवाल्याच्या छकड्यात बसायचं, दवाखान्यात पोचलं की विहिरीचं पाणी ओढायचं, उकळायचं, गाळायचं, आणि डाक्तर सांगेल त्या खुणेपर्यंत बाटलीत ओतायचं. पुडी त्याची, पाणी माझं. गाव मुकाट्याने औषध प्यायला लागलं.

आता गंमत बघा. माझ्या हातचं पाणी सगळ्यांना चालायचं आणि माझं तोंड कुणाला चालायचं नाही. मी छकड्यातून उतरले की समोरून येणारी माणसं वाट बदलायची. तांबडं आलवण नेसलेली विधवा. सकाळी पहिली गाठ तिची नको. तीच माणसं घटकाभराने बाटली पुढे करून माझ्यासमोर उभी. अशी तिडीक जायची डोक्यात! पण मी पाणी ओतत राहायची.

गावात एक मोठं घर होतं. तिथली सासू म्हणजे आसपासच्या सगळ्या बाळंतपणांची सरकार. आपले वडील वैद्य होते, हे ती कुणी न विचारता सांगायची. तिची थोरली सून पहिलटकरीण, कोवळी पोर. ती बाळंत झाली आणि तापाने फणफणली. डाक्तरला बोलावणं आलं. बोलावणं म्हणजे ओटीपर्यंतच. मी बरोबर गेले होते. बाळंतिणीची खोली माजघरापलीकडे, दार लावलेलं, फटीतून धूर येत होता. डाक्तर विचारायचा सुनेचं आणि उत्तर द्यायची सासू.

"जीभ कोरडी पडलीय का तिची?"

"बाळंतिणीची जीभ कोरडीच असायची."

"पाणी किती पिते?"

सासूने पदर तोंडाशी नेला. "शिव शिव शिव! बाळंतिणीला पाणी? दहाव्या दिवसाचं न्हाणं होईपर्यंत थेंब देत नाही आम्ही. गारठून जाईल ती."

तेवढ्यात आतून आवाज आला. "पाणी." ओरडणं नव्हतं ते, घसा खरवडून काढलेला नुसता शब्द. ओटीवर तिचा नवरा सुपारी कातरत बसला होता. त्याने तो ऐकला, आणि तो सुपारीच कातरत राहिला. मेल्याच्या हातातला अडकित्ता घेऊन त्याचीच बोटं कातरावीत असं मला वाटलं.

परतताना डाक्तर म्हणाला, "बाई, तापाच्या आधी तहानच तिला नेईल. पोटात पाणी गेलं तर पोरगी वाचेल."

आमच्या इंदूरला बाळंतिणीला ओव्याचं पाणी मनसोक्त देतात, आणि आमच्या बायका काही गारठून मरत नाहीत. मीच म्हटलं, "पाणी चालत नाही, पण औषध चालतं ना? मग औषध म्हणून द्या." डाक्तरने दवाखान्यातली सगळ्यांत मोठी बाटली काढली. मी ती उकळलेल्या पाण्याने गळ्यापर्यंत भरली, त्याने वासापुरता बडीशेपेचा अर्क आणि रंगापुरतं काहीतरी टाकलं. बाटली दिवसभरात संपवायची, संपली की दुसरी न्यायची, असं आम्ही सासूला बजावलं. तिने मान डोलावली. "एक थेंब वाया जायचा नाही, काळजी सोडा."

भरलेली बाटली जायची, दुसऱ्या दिवशी रिकामी, धुऊनपुसून परत यायची. आणि पोरगी खालावतच चालली होती. डाक्तर कपाळाला हात लावून बसायचा. एवढं पाणी जातंय तरी कुठे? शेवटी एका दुपारी मी एकटीच उठले आणि त्या घराच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले.

चुलीवर पातेलं खदखदत होतं. बडीशेपेचा वास घरभर. शेजारी आमची बाटली, रिकामी. सासू पळीने ढवळत होती.

"हे काय चाललंय?"

"औषध आटवतेय," ती म्हणाली. "तुमच्या डाक्तरचं औषध फार पातळ हो. कच्चंच देतो मेला. काढा कसा, आठवा भाग उरेस्तोवर आटवायचा असतो; आम्ही वैद्याच्या घरच्या, आम्हाला कुणी शिकवायला नको. हे बघा, अख्ख्या बाटलीचं एवढं निघतं." आणि तिने मला पळी दाखवली. पळीच्या तळाशी तांबूस काहीतरी होतं. बाळाच्या डोळ्यात काजळ घालावं इतक्या हलक्या हाताने धरली होती तिने ती पळी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विहीर उपसून मरायचं आणि या बाईने ती चुलीवर वाफ करून उडवायची! पण ते नुसतं पाणी आहे असं सांगावं, तर उद्यापासून तेही बंद. मी तशीच वळले. माजघर ओलांडलं आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार ढकललं.

"अगं ए बोडके, कुठे शिरतेस!" सासू पळी टाकून धावली. "लेकराबाळाची खोली आहे ती!"

मी आतून कडी घातली.

बाजेखाली शेगडी, दारंखिडक्या बंद, डोळे चुरचुरत होते. पोरीचे ओठ भेगाळलेले. आणि खोलीला लागूनच न्हाणी, न्हाणीत तिच्या अंघोळीसाठी तापवून निवत ठेवलेलं पाणी, हंडा भरून! तिच्यापासून चार हातांवर. मी फुलपात्र बुडवून तिच्या तोंडाशी नेलं, तर तिने दातखीळ बसल्यासारखे ओठ मिटले.

"पाणी नको. मला पाणी चालत नाही."

मरायला टेकलेली पोर, रात्रंदिवस पाणी मागणारी, आणि नियम मात्र तिलाही पाठ. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"पाणी नाही गं, औषध आहे," मी म्हटलं. "पी."

ती प्यायली. "गोड आहे," म्हणाली, आणि माझं मनगट धरून ठेवलं. बाहेर सासू दार बडवत होती, मला, माझ्या मेलेल्या नवऱ्याला, इंदूरला शिव्या घालत होती. आत मी घोट घोट पाजत होते. उन्हं कलली तेव्हा पोरीला घाम सुटला. मग मी कडी काढली.

पोरगी वाचली. गावभर झालं काय, तर सासूने आटवलेल्या औषधाचा गुण आला, तोही विधवेची सावली पडली असताना! माझं सोवळं त्या खोलीत बाटलं, म्हणून माझ्या हातचं पाणी बंद. कुंपणापाशी पुन्हा बाटल्या ओतल्या जायला लागल्या. व्यापाऱ्याने दुसरी बाई ठेवली, आणि मी वहिनीच्या हाताखाली डाळ निवडायला बसले.

पुढे काही वर्षांनी टिटवाळ्याच्या गणपतीहून येताना छकडा त्या गावात थांबला. दवाखान्याच्या फाटकातून एक बाई बाहेर आली, कडेवर मूल, हातात ती मोठी बाटली. माझ्याकडे बघून हसली. तीच होती! अंगाने भरली होती.

"ओळखलं नाहीत? सासूबाईंनी औषध आटवून पाजलं म्हणून वाचले मी. आता धाकटी जाऊ बाळंत झालीय, तिलाही तसाच ताप आहे. सासूबाईंना नीट दिसत नाही हल्ली. मीच आटवते."

मी छकड्यातून उतरले आणि तिच्याबरोबर चालू लागले. ती काहीबाही बोलत होती, मुलाला माझ्या पाया पडायला सांगत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. घरात शिरलो. माजघरापलीकडचं तेच दार, फटीतून तोच धूर. आतून कुणीतरी म्हणालं, "पाणी."

तिने मुलाला खाली ठेवलं आणि दाराला आडवी उभी राहिली.

"तुम्ही इथूनच परत जा हं," ती म्हणाली. गोड आवाजात म्हणाली. "बाळंतिणीची खोली आहे. तुमचं येणं बरं नव्हे."

"तुला मी पाणी पाजलं होतं," मी म्हटलं. "न्हाणीतल्या हंड्यातलं, साधं पाणी. काढाबिढा काही नव्हता. त्या पाण्यावर जगलीस तू."

तिने ओकारी यावी तसा तोंडावर हात दाबला. "खोटं," ती म्हणाली.

"बाजूला हो."

ती हलली नाही. मी तिच्या हातातली भरलेली बाटली हिसकावून घेतली आणि तिला ढकलून आत गेले.