जिजीची हातोडी

जिजीच्या दुकानात गल्ल्याशेजारी हातोडी असायची. ती खिळे ठोकायला नव्हती. माशांची जी काचेची टाकी तिच्या मनातून उतरली, ती रस्त्याच्या कडेला नेऊन जिजी फोडायची, गिऱ्हाइकासमोर. एकदा सांधा बोटाला जरा सैल लागला म्हणून कोरी टाकी फोडली. घेणारा म्हणाला, "मला चालली असती." जिजी काचा पायानेच गोळा करत म्हणाली, "तुले चालती. मासासले चालती का?"

शहाद्यात रंगीत मासे विकणारी ही विधवा बाई, आणि तिचा आवाज असा की समोरचा पानवाला विनाकारण सावरून बसायचा. मी शिवणक्लास चालवते. खोलीत एक टाकी ठेवायचं ठरलं, तेव्हा फरशीवाल्याकडून संगमरवराची पांढरी खडी पिशवीभर घेऊन तिच्याकडे गेले. तिने एका खड्यावर फरशी धुवायचं ॲसिड टाकलं. फेस आला. "फेस वना का दगड बाद. पानी जड करस हाऊ." एवढं बोलून तिने पिशवी गटारात रिकामी केली. मग नदीतली गोल, बारीक वाळू दिली आणि ती कशी धुवायची ते दाखवलं. घमेल्यात वाळू घेऊन दोन्ही हातांनी अशी रगडायची की जुनं वैर काढते आहे असं वाटावं. पाणी नितळ आल्याशिवाय सोडायची नाही.

टोकदार खडीचा तिला विशेष राग. एका गृहस्थांना तळाशी फिरणारे मिशीवाले मासे हवे होते आणि खाली चमकदार, फोडलेली खडी. जिजीने मूठभर खडी घेतली आणि त्यांच्या गालावर घासली. गाल लाल झाला. "आते दखाडू का, मिशी कशी झडस ती?" ते चिडून निघून गेले. पुढच्या आठवड्यात येऊन वाळू घेऊन गेले.

आजारावरही ती तुटून पडायची. अंगावर पांढरे ठिपके आले की मासा लगेच वेगळा, पाणी हळूहळू कोमट, मोजकं खडे मीठ विरघळवून. शेपटी झडायला लागली की आधी तळातली घाण उपसायची, औषध नंतर. आजारी टाकीची जाळी दुसऱ्या टाकीत घातली म्हणून तिने एका नोकराच्या पाठीत तीच जाळी मोडली होती. आणि जो मासा वाचणारच नाही, तो ओल्या फडक्यात गुंडाळून एका घावात संपवायची. मी एकदा तोंड फिरवलं. "तू तोंड फिराव," ती म्हणाली, "त्यानी तडफड थांबत नही."

तिचं स्वतःचं असं दोघंच. एक सरपंच, म्हणजे तिचा हाताएवढा काळा-नारिंगी ऑस्कर मासा, जो फक्त तिच्या हातून खायचा. दुसरा तिचा धाकटा भाऊ डगा. तो ब्राह्मणपुरीला कापूस करायचा आणि दर खेपेला म्हणायचा, "जिजी, दुकान सोड, घर चाल." ती म्हणायची, "सरपंचले कोन दखी?"

एका भाऊबीजेला मी माशांचं औषध आणायला गेले होते. जिजी मागच्या खोलीत पुरणाच्या पोळ्या करत होती. तिचे हात वाळू धुऊन दुखतात म्हणून डगाने यंदा ओवाळणी म्हणून तापीची वाळू धुऊन आणली होती, आणि तिला न सांगता सरपंचाच्या टाकीत पसरून ठेवली होती. मला म्हणाला, "ताई, गंमत दखा आते."

थोड्याच वेळात सरपंच काचेवर आदळला. मग पुन्हा, तिरका, तोंड वासून. जिजी पिठाच्या हातांनी धावत आली. मासा उचलून स्वच्छ पाण्याच्या टबात टाकला, तिथेही तो वाकडा होऊन कडांवर आपटत राहिला.

"वाळू कसामां धुई?"

"फवाराना ड्रममां. चांगला खंगाळेल व्हता, जिजी."

कपाशीवर फवारायचं विषारी औषध कालवायचा ड्रम. तिने फडकं ओलं केलं. एक घाव. आवाज अजून माझ्या कानात आहे. मग तिने तीच हातोडी टाकीवर घातली. पाणी, काचा, वाळू सगळं उंबऱ्यापर्यंत आलं. तिसऱ्यांदा हातोडी उठली ती डगावर. मी मागून तिचा दंड धरला, काच माझ्या पायात शिरली. डगाने डोक्यावर हात घेतला, घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो जागचा हलला नाही. रडतही नव्हता. "आजून मारनं व्हई ते मार," एवढंच म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा जिजी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "टाकी पडनी हातवर." ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मनगट नीट सांधलं नाही. मूठ वळत नाही. कापूस वेचणीला आला होता. जिजीने राहिलेले मासे वाटून टाकले, दुकानाला कुलूप लावलं आणि ब्राह्मणपुरीला गेली. हातोडी मला दिली. "मन्हाजवळ नको," म्हणाली.

माझ्या टाकीची बादली आजही वेगळी आहे, तिच्यावर लाल रंगाने 'मासे' लिहिलं आहे, ती दुसऱ्या कशालाही वापरत नाही. मध्यंतरी मी ब्राह्मणपुरीला जाऊन आले. जेवायला बसलो. डगाभाऊ हसत म्हणाला, "मारं ते बरंच झायं, ताई. एक हात गया, पन बहीण घर वनी."

"दुसरा हात आजून बाकी शे," जिजी म्हणाली. मग त्याचं ताट पुढे ओढून तिने त्याची भाकर वरणात कुस्करली, बारीक, एकही गाठ न ठेवता, आणि ताट त्याच्या डाव्या हाताशी सरकवलं.