मल्लम्माची समाधी

लातूरच्या इतिहास मंडळाच्या व्याख्यानाला बावीस माणसं आली, की अध्यक्ष अमृतराव दोन दिवस खुशीत असत. त्यातली आठ नुसती चहाला आलेली असत, हे त्यांना कोणी सांगत नसे. पण तीस सप्टेंबरची सहल खच्चून भरायची. बस पुरायची नाही, मागून दोन जीपा निघायच्या. कारण त्या दिवशी वीरण्णा बोलायचा.

वीरण्णाचं सरकी-पेंडीचं दुकान, शिक्षण दहावी नापास. पण बोलायला लागला की प्राध्यापक मंडळी तोंडात बोटं घालत. भूकंपात अख्खं गेलेलं तेरणाकाठचं चिंचोळवाडी हे त्याचं गाव. दगडांच्या ढिगाऱ्यांमधून तो लोकांना हिंडवायचा, कुठल्या ढिगाखाली कोणाचं घर होतं ते सांगायचा आणि शेवटी आपल्या शेतातल्या समाधीपाशी आणून उभं करायचा.

"गावाला एकच सरण लागलं," तो सांगायचा. "कोण कुणाचं, काय पत्ता न्हाई. पण आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत न्हाईत. मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात. मी लातूरला मिलमध्ये कामाला होतो म्हणून वाचलो. सांजच्याला गावात पोचलो. आईचं तोंड वळखू येत नव्हतं. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बघून वळखली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्यानं खड्डा खांदला. माझी आई मल्लम्मा बसलेली हाय इथं."

बायका डोळ्यांना पदर लावत. वीरण्णाचा ऊर भरून येई, आणि खोटं कशाला बोला, थोडा फुगेही. मुलगा असावा तर असा, हे त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांत तीस वर्षं बोललं जात होतं. त्याच्या लेकीचं लग्नसुद्धा या एका गोष्टीवर चांगल्या घरात जमलं होतं.

तिसाव्या वर्षी मंडळानं भूकंपाच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन ठरवलं. मंडळाची एक रीत होती, आणि ती वीरण्णानंच पाडलेली. ज्या फोटोतलं माणूस माहीत नाही, त्याच्याखाली कोरा कागद लावायचा आणि दोरीला पेन्सिल बांधायची. ज्याला ओळख पटेल त्यानं नाव लिहावं. आलेला एकही फोटो मागं ठेवायचा नाही, कितीही वाईट असला तरी. अमृतराव कचरायचे, पण वीरण्णा ऐकायचा नाही. "मेलेल्याला नाव मिळू द्या की वो," म्हणायचा. अशी अकरा नावं त्यानं लोकांना मिळवून दिली होती.

एका वारलेल्या फोटोग्राफरच्या घरच्यांनी फोटोंचं एक पाकीट दुकानावर आणून दिलं. पेंडीच्या पोत्यावर बसून वीरण्णा एकेक फोटो बघू लागला. सातव्या फोटोत लाकडांच्या ढिगाशेजारी ओळीनं प्रेतं निजवली होती. तिसऱ्या बाईचं तोंड अगदी साफ होतं, आत्ताच धुतल्यासारखं. नाकाशेजारी मस. फोटोच्या मागं तारीख होती, दोन ऑक्टोबर.

त्यानं समाधी दिली होती एक तारखेला.

गिऱ्हाईक पेंडीचा भाव विचारून विचारून निघून गेलं. वीरण्णाला ऐकू आलं नाही. फोटोतली बाई त्याची आई होती. लाकडांवर चढायची वाट बघत पडलेली त्याची आई.

चार दिवस तो फोटो गल्ल्याखालच्या खणात राहिला. फाडून टाकला असता तर कोणाला कळणार होतं? बायकोलाही त्यानं सांगितलं नाही. पाचव्या दिवशी, आपणच केलेला नियम आपणच कसा मोडायचा म्हणून, त्यानं तो फोटो नेऊन लावला. तोही कुठं, तर हॉलच्या कोपऱ्यात, खांबामागं, अंधाऱ्या जागी. खाली कोरा कागद. धड लपवलाही नाही आणि धड सांगितलंही नाही. मला या माणसाची कीव येते आणि संतापही येतो.

कारण गौरम्मा येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गौरम्मा म्हणजे चिंचोळवाडीतल्या त्याच्या शेजारघरची लेक. दोन्ही घरांत एकच भिंत. तिची आई शिवगंगा कधी सापडली नाही. पुनर्वसनाच्या नव्या गावातून एसटीनं येऊन गौरम्मा दर प्रदर्शनात एकेक फोटो नाकाशी धरल्यासारखा बघायची.

ती आली. सगळ्या भिंती बघून झाल्यावर खांबामागं गेली. वीरण्णा दारात पाहुण्यांना पत्रकं वाटत होता. हात वाटत होते, डोळे खांबाकडे.

"अण्णा, हिकडं या," तिनं हाक मारली. "ही मल्लम्माकाकू हाय की. लिव्हा, माझं अक्षर चांगलं न्हाई."

वीरण्णानं पेन्सिल धरली. 'म' लिहिला आणि हात थांबला.

गौरम्मा आधी फोटोतल्या साफ तोंडाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"काकू सरणावर गेली? मग तुमच्या शेतात कोण हाय?"

फोटोत सगळ्याच बायका सारख्या दिसतात, एवढं म्हणून सुटता आलं असतं. वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं.

"तुझी आई," वीरण्णा म्हणाला. "दोघींच्या डब्या एकाच सोनाराच्या. भिंत दोन्हीकडं पडली होती."

"डबी सारखी असंल. पण तुमची आई रंडकी, माझी आई सवाष्ण. हात बघितला न्हाई तुम्ही?"

"बघितला. हिरव्या काचा रुतल्या होत्या मनगटात. मी उपसून काढल्या. गौरम्मा, तिकडं सरण रचायला लागले होते. शोधत बसलो असतो तर उशीर झाला असता. मला माझी आई मातीत पाहिजे होती. ही माझीच हाय म्हणलं, अन् बसवली."

गौरम्मा खांबाला टेकून खाली बसली. रडली नाही.

"बाप माझा मरस्तोवर म्हणायचा, शिवगंगाला माती मिळाली न्हाई. रोज म्हणायचा. मी दरसाल तुमच्या आईच्या पाया पडायचे, म्हणायचे, काकू, तुमचं नशीब. तवा तुम्ही शेजारीच उभे असायचे अण्णा. नवरा जिता असताना तुम्ही तिच्या हातातल्या बांगड्या काढल्या."

वीरण्णानं हात जोडले. तिनं ते बघितले नाहीत.

"शेत तुमचं राहू द्या," उठताना ती म्हणाली. "पण तिच्यापाशी तुम्ही आता बोलायचं न्हाई."

तिच्यामागं त्यानं कागदावर आईचं नाव पुरं केलं. मग अमृतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

सहल ठरल्याप्रमाणे निघाली. बस भरलेली होती. समाधीपाशी गौरम्मा आणि तिचे दोन भाऊ बसले होते. अमृतरावांनीच चार वाक्यांत लोकांना खरं काय ते सांगितलं. वीरण्णा बांधाच्या अलीकडे, रस्त्यावर उभा राहिला. नेहमी त्याच्याभोवती गराडा घालणाऱ्या बायका त्याला वळसा घालून गेल्या.

उदगीरहून आलेली एक म्हातारी तेवढी थांबली. "मग तुमच्या आईची जागा कोणती, बाबा?"

वीरण्णानं रस्त्यापलीकडे हात केला. गावाचं सरण तिथं जळालं होतं. आता सोयाबीन होतं, कमरेइतकं, पिवळं पडत आलेलं. तीस वर्षांत तिथं त्यानं बस एकदाही थांबवली नव्हती.