कुणाच्याच घरची नसलेली रेघ

विमला खातूच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. रत्नागिरीच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जेवताना, कपडे वाळत घालताना, मांडवीच्या जेटीवर तरातरा फेऱ्या मारताना, एका रेघेशी भांडायची.

तिच्या पीएच.डी.चा विषय होता जोडीने फिरणारे दोन तारे. एक फुगलेला, थंड, लाल. दुसरा एवढासा, पण भलताच तापट. थोरल्याचा वायू धाकटा ओढून घेई. दक्षिणेतल्या वेधशाळेतून तिने या जोडीचे वर्णपट आणले होते. त्यातली प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या मूलद्रव्याची खूण. लाल भागातली एक रुंद, उजळ रेघ मात्र कुणाच्याच घरची नव्हती. मूलद्रव्यांच्या रेघांची सगळी कोष्टकं उलथीपालथी करून झाली.

पुण्याचे मार्गदर्शक सर वैतागले. "बाई, ती परदेशातल्यांनाही ओळखता आलेली नाही. वगळा आणि प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द होईल."

विमलाने वगळली नाही. दिसतंय ते दिसत नाही असं कसं लिहायचं? नोंदणी रद्द झाली. आपण हट्टापायी पायावर धोंडा तर पाडून घेतला नाही ना, या विचाराने तिला झोप लागेना. आईने नुसतं "भात वाढू?" विचारलं तरी ती वसकन अंगावर जायची. त्या बिचाऱ्या माउलीचं, चिमाबाईंचं काय चुकलं होतं?

एकोणनव्वद सालच्या दिवाळीआधी पुण्याच्या मैत्रिणीने एका परदेशी लेखाची झेरॉक्स पाठवली. विमलाने ती ओट्याशी उभ्याउभ्याच वाचली. धाकट्या ताऱ्याजवळच्या ऑक्सिजनचे अतिनील किरण थोरल्याच्या हायड्रोजनवर आदळून विखुरतात, बरीचशी ऊर्जा तिथेच गमावतात आणि लाल होऊन बाहेर पडतात. ती रेघ म्हणजे हेच किरण. कोष्टकात सापडणार कशी!

तिला आनंद झाला, आणि हेवाही वाटला. हे मला का नाही सुचलं? ती हसायला लागली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय झाला गो?" चिमाबाई घाबरल्या.

"आये, ती रेघ खरी होती. दुसऱ्याने ओळखली."

"मग आता तुला डाक्टर करतील?"

"नाय."

"मग हसतंयस कशाला?"

पदवी गेली ती गेलीच. पण दिसलेलं आपण पुसलं नाही, एवढ्याने तिचा ऊर भरून आला होता. डोक्यातला किडा शांत झाला म्हणावं, तर नाही. प्रकाश विखुरलेला असेल, तर त्याची कंपनं एका दिशेला झुकलेली असणार. तारे फिरतील तशी ती दिशाही फिरेल. हे कुणी मोजलंय? सरांना गाठायलाच हवं.

"आये, पुण्याची पहिली एसटी कितीला सुटते?"