आमचा श्रावण आहे ना

माझा डबा टेबलाच्या मधोमध होता. शिल्पानं तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. झाकणसुद्धा न उघडता.

"तू खाऊन घे रे. आमचा श्रावण आहे ना."

"अगं, व्हेजच आहे. फ्लॉवरची भाजी."

"असू दे," अभयदादा फोनमधून मान वर न काढता म्हणाले. आणि तिच्या डब्यातली खिचडी वाढून घेतली.

कॅलेंडरमध्ये श्रावण लागायला अजून आठवडा होता.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या ऑफिसात आम्ही तिघंच मराठी. अभयदादा टीम लीड, पुण्याचे. शिल्पा ठाण्याची. डबे मधे ठेवायचे, कुणी कुणाचंही उचलायचं, ही पद्धत दादांनीच पाडलेली. माझी वांग्याची भाजी शिल्पा आधी संपवायची. "तुम्ही वऱ्हाडी लोक जाळ खाता," म्हणायची आणि परत घ्यायची. मला या गावात तेवढंच होतं. गाव म्हणजे राउंडअबाउट, गोदामं आणि गाड्या. पायी चालणारा माणूस दिसत नाही. शनिवार-रविवार कुणाशी बोलणं व्हायचं नाही, सोमवारी घसा घोगरा असायचा.

मग एकदा घरून काम असताना व्हिडिओ कॉल झाला. मी बॅकग्राउंड ब्लर करत नाही. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. अकोल्याहून येताना कपड्यांत गुंडाळून आणलेला. आई डाळ मिलमध्ये निवडायला बसायची, बाप हमाली करायचा, आणि घरातला पहिला पदवीधर मी. तो फोटो झाकू कशाला?

"अच्छा, म्हणजे तू..." शिल्पा म्हणाली. वाक्य तिथेच सोडलं.

माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. फोटोतून कळलं.

तेव्हापासून त्यांचा श्रावण लागला. मग गणपती. मग पितृपक्ष. मग नवरात्र. दिवाळीत कसलंच व्रत नव्हतं, तर दोघांचंही पोट बिघडलं होतं.

मी काय केलं? घरात अंडी आणणं बंद केलं. लसूण सोडला. डबा दोनदा घासायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत माझा व्हिसा संपत होता, आणि प्रोजेक्टला हा माणूस हवाय असं कंपनीला सांगणार अभयदादा. धाकटी बहीण नर्सिंगला आहे, माझ्या जिवावर. ऑफिसला नेणारी गाडीही त्यांचीच.

एका सकाळी ते म्हणाले, "डबा डिकीत ठेव रे. गाडीत वास राहतो."

त्यांचा डबा मागच्या सीटवर होता.

मी ठेवला. हो, ठेवला. हात आपोआप गेला. मालकाच्या ओट्याखाली उभं राहून बाप ओंजळीनं पाणी प्यायचा. शाळकरी वयात मला बापाची चीड यायची. त्या सकाळी डिकीचं झाकण लावताना कळलं, हात कसा जातो ते.

त्याच दिवशी एचआरकडे गेलो. हेलन नावाची बाई. चांगली बाई. चहा दिला, दार लावून घेतलं. मी सांगितलं.

"ओके. म्हणजे ते व्हेजिटेरियन आहेत?"

"नाही. म्हणजे आहेत, पण ते कारण नाही. जात."

"पण तुम्ही सगळे इंडियनच ना?"

माझं इंग्रजी चांगलं आहे. क्लायंटसमोर तासभर बोलतो. तिथे शब्द सुचेनात. ती टाळत नव्हती. तिला खरंच दिसत नव्हतं. शेवटी म्हणाली, "दुसऱ्या टेबलावर बसलास तर बरं वाटेल का? मी तुझ्या लीडशी बोलू?"

नको म्हणायच्या आत तिनं ते टिपून घेतलं होतं.

संध्याकाळी दादांच्या गाडीतून परत निघालो. एक राउंडअबाउट गेलं, दुसरं गेलं.

"एचआरकडे गेला होतास म्हणे."

"हो."

"हे असलं इथे काढायचं नसतं रे. आपल्याच लोकांचं नाव खराब होतं." आवाज अगदी मोठ्या भावासारखा. "जानेवारीत व्हिसाचं आहे ना तुझं? बघ बाबा."

"गाडी थांबवा."

"अरे, इथे कुठे?"

"थांबेल तिथे थांबवा."

बस स्टॉपपाशी थांबवली. मी उतरलो, दार धरून उभा राहिलो. "दादा, श्रावण नव्हता. तुम्हाला माहितीये. मी उद्या परत जाणार हेलनकडे."

"तुझी मर्जी," म्हणाले. आणि गाडी गेली.

सायकलींच्या लाल रस्त्यानं चालत घरी आलो. शौर्यबिर्य काही नाही, भीती वाटत होती. आईचा फोन आला. "जेवला का रे बाप्पा?" म्हणाली. हो म्हटलं. बहिणीची परीक्षा कधी आहे ते विचारलं. बाकी काही सांगता आलं नाही.

व्हिसा बहुतेक जाईल. गेला तर गेला, असं म्हणण्याची माझी परिस्थिती नाही. पण त्या गाडीत मी बसणार नाही, आणि टेबल बदलणार नाही. उद्या हेलनसमोर बसेन आणि ओट्याखाली पाणी पिणाऱ्या माझ्या बापापासून सुरू करेन. ती परत विचारेल, व्हेजिटेरियन का. मी परत पहिल्यापासून सांगेन. नाही कळलं तर परवा जाईन, त्याच्या दुसऱ्या दिवशी जाईन. अभयदादांना समोर बसवा म्हणेन आणि जात हा शब्द त्यांच्या तोंडावर बोलेन.

जानेवारीपर्यंत मी इथेच आहे.